एकट्याच्या दारापाशी इरजीक

लोक झाडावरून पडतात, विहिरीत पडतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडतात. मी स्टुलावरून पडलो. स्टूल दीड हाताचं. कूलरमधी पाणी टाकून राह्यलतो. स्टुलाचा एक पाय हालते हे घरात फक्त मलेच ठाऊक होतं, कारण का तो पाय मीच ठोकला होता.

डाक्टरनं माह्या पायाले पलास्तर घातलं अन् सांगतलं, "सहा हप्ते पाय खाली टेकवाचा नाई." बाहेर आर्णीचं मे महिन्याचं ऊन. दोपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाई. आत एक खोली, एक खाट, एक कूलर अन् मी. कूलरचं पाणी आता बायको टाके. एक बादली पाणी अन् एक टोमणा, असा हिशोब.

हे सारं मी बोलून राह्यलो अन् लिवून ती राह्यली. मले लिवता-वाचता येत नाई. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीले एक भोक होतं, नेमकं माह्या आंगाचं. दुसरीत असताना गुरुजीनं ते भोक बुजवलं. बुजवलं तवा मी बाहेर होतो, तो बाहेरच राह्यलो. घरच्यायले सोडून हे मी कोणाले सांगतलं नाई. कुठी कागद समोर आला का म्हणाचं, "चष्मा घरी राह्यला." मले चष्मा नाईच.

पडल्याच्या चवथ्या दिवशी साळा पाहाले आला अन् माह्या फोनमधी एक गेम टाकून गेला. म्हणे, "भाऊजी, यात सारी दुनिया हाय. हजार लोक एकाच टायमाले खेळतात. एकटे खेळा नाईतर टोळीनं खेळा. करमन तुमाले."

पहिले आठ दिवस मी एकटाच खेळलो. ते दिवस आठवले का अजूनबी बरं वाटते. तिथं एक हिरवं कुरण होतं, मंधातून नदी, नदीच्या काठानं निळी फुलं. फूल तोडलं का टुन्न आवाज ये. इकडं माहा पाय उशीवर ठेवेल, अन् तिकडं मी पळून राह्यलो, उड्या मारून राह्यलो, नदीत पवून राह्यलो. बायको पाहाले आली त काय, खाटेवर पडेल माणूस अन् घामानं ओलाचिंब.

"काय करून राह्यले?"

"फिराले गेलतो."

वाचता येत नसल्यानं थोडी फजिती होये. तिथं एक म्हातारी उभी राहे, डोक्यावर पिवळा ठिपका. तिच्याजवळ गेलं का इंग्रजीच्या दहा ओळी येत. मी हिरवं बटन दाबून द्यावं. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाई, एवढं शिक्षण मले चौकातल्या सिग्नलनं देल्लं. एक दिवस असंच हो-हो करता करता माही तलवार त्या म्हातारीले देऊन बसलो. मंग तीन दिवस बुक्क्यानं लढलो. कोंबड्या मारल्या. दोन कोंबड्यायनं मले मारलं.

मंग एक रानडुक्कर आडवं आलं. म्हटलं, याले त मी वयखतो, दरसाल माह्या वावरात येते. त्या डुकरानं मले अकरा वेळा मारलं. बाराव्या वेळी मी उठलो त कुठून तरी तीन बाण आले अन् डुक्कर आडवं. लाल झग्यातली एक बाई धनुष्य घेऊन समोर उभी. अन् फोनमधून आवाज आला, "अहो, डुकराच्या आईला कशाला मध्ये घेताय? तिनं काय केलंय तुमचं?"

माइक चालू हाय हे मले ठाऊकच नवतं. मी डुकराले सकाळपासून ज्या शिव्या देऊन राह्यलतो त्या साऱ्या दुनियेनं ऐकल्या होत्या.

ती एका टोळीची म्होरकी, सारे तिले ताई म्हणत. सांगलीकडची. घरी कपडे शिवते. बोलताना तिच्या मागं शिलाई मशीन खडखड वाजे. तिच्या टोळीत बारा लोक होते, कोणी नाशिकचं, कोणी लातूरचं, अन् एक नागपूरवाला, जो ढाल घेऊन साऱ्यायच्या पुढं पळे अन् साऱ्यायच्या आंदी मरे. मी तेरावा. ताईनं मले वैद केलं अन् हातात एक काठी देल्ली.

"मले वैदकीतलं काय समजते ताई? मी माहा पाय मोडून बसेल माणूस."

"काही समजायला लागत नाही. मागं उभं राहायचं. कुणाच्या डोक्यावरचा जिवाचा पट्टा लाल झाला की त्याच्यावर बोट ठेवायचं, तो बरा होतो."

वैद व्हाले कोणी तयार नवतं म्हणून मले देल्लं हे मले मागून समजलं. बाकीचे राक्षसासंग लढत. मी त्यायच्या मागं उभा राहून तेरा पट्ट्यायकडं पाहो. एवढे राक्षस मेले माह्यासमोर, पण एकाचंबी तोंड मी धड पाह्यलं नाई.

आता माही खरी चूक सांगतो. आमच्याकडं इरजीक असते. माहं वावर पडेल असलं का गावातले लोक आपापलं औत घेऊन येतात, एका दिवसात काम उरकून देतात. मी त्यायले जेवू घालाचं. अन् मंग ज्यानं ज्यानं माह्याकडं औत आणलं, त्याच्या त्याच्या वावरात माहं औत गेलंच पायजे. नाई गेलं त पुढच्या साली तू एकटाच. हे आमाले कोणी शिकवत नाई, आंगातच असते. त मी ताईचं डुक्कर इरजीकीत धरलं. नाशिकवाल्यानं एकदा त्या म्हातारीकडून माही तलवार सोडवून देल्ली, ती बी धरली. लातूरवालीनं मले चपला देल्ल्या, धरल्या. रोज कोणी ना कोणी माह्यासाठी काहीतरी करे, अन् रोज मी मनात म्हणो का आता याच्याकडं जाणं आलं. एकानं हाक मारली का मी हजर. तिकडून दुसऱ्यानं हाक मारली का तिकडं हजर. त्यायले काय ठाऊक का हा माणूस औत फेडून राह्यला. त्यायले वाटे, वैदाले लय हौस.

झालं असं का दोपारी बारापासून पाचपर्यंत मी बांधल्यासारखा. उन्हाच्या मारानं सारा देश घरात बसेल, त साऱ्यायले तोच टाइम सोयीचा. पाय पलास्तरात, बाहेर ऊन, कानात बारा जणाचा कल्ला. डोळा लवला का कोणीतरी मरे.

"वैद! वैद! मै मर रहा हूं बावा!" नागपूरवाला ओरडे.

"थांब ना रे, मले पाणी त पिऊ दे!"

"तू पाणी पी, मै मरता हूं."

अन् दारातून बायको, "अवो, जेवून घ्या. भाकर वाळून राह्यली."

"उठता येत नाई. बारा लोक मरतीन."

"एक इथं मरून राह्यली, तिचा पट्टा दिसते का कुठी?"

मले माहं कुरण पायजे होतं. दुसरं काहीच नाई. म्हणून मी सकाळी, कोणी जागं व्हाच्या आंदी, चुपचाप नदीवर जाऊन निळी फुलं तोडाले लागलो. पण आपण आत गेलो का साऱ्यायले आपल्या नावापुढं हिरवा ठिपका दिसते. दुसऱ्या फुलालेच ताईचा आवाज, "वैदबुवा, आलात का? बरं झालं."

मी सांगतलं लाईट गेली. दुसऱ्या दिवशी सांगतलं नेट गेलं. तिसऱ्या दिवशी एक नवीनच माणूस बनवला, म्हणजे बाई बनवली, वाकेल कमरेची म्हातारी, दुसऱ्या नावाची. माइक बंद. म्हटलं, आता कोण वयखते. अर्धा घंटा मस्त फिरलो. तितक्यात नागपूरवाला आला, म्हातारीभवती दोन चक्कर मारले अन् म्हणे, "वैद, साडी मस्त हाय."

सारं कुरण सोडून निळ्या फुलायवरच जाणारं त्या दुनियेत दुसरं कोणी नाई म्हणे.

याच दिवसात दाराची भानगड आली. त्या दुनियेच्या वर आणखी एक दुनिया हाय. तिथं जाचं त आंदी एका दगडी दारातून जा लागते. एका टायमाले एकच माणूस आत जाते, दार बंद होते, अन् आत काय कराचं ते एका दगडावर लिवून येते. ज्याचं काम वेगळं त्याच्यासाठी लिवणं वेगळं. धनुष्यवाल्याले एक, ढालवाल्याले एक, वैदाले आणखी तिसरंच. टोळीतले बाराबी जण हळूहळू पास झाले. राह्यला मी.

आत एक दगडाचा पहारेकरी उभा होता, हातात हातोडा. त्याच्या मागच्या दगडावर इंग्रजीच्या चार ओळी. मी त्या ओळींकडं पाहो, तवर तो मले मारे. मी काठी उगारो, तो आणखी जोरात मारे. साळ्याले फोनवर इचारलं त तो म्हणे, दगडाचा फोटो काढून मराठी कराच्या अ‍ॅपमधी टाका, तो वाचून दाखवते. टाकला. फोननं वाचलं, "खुर्ची तुझ्या काठीची आई आहे." मी आई-खुर्ची सारं शोधलं. आठ दिवस मार खाल्ला.

बायकोले इचारता आलं असतं. ती दहावी पास हाय. पण महिनाभर जिनं मले फोनवरून बोलणी घातली, तिलेच कसं म्हणाचं का ये, आता मले हे वाचून दे? अन् टोळीले त सांगताच येत नवतं. तिथं मी वैदबुवा होतो. साऱ्या जन्मात मले बुवा कोणी म्हटलं नवतं.

मंग ताईनं एक दिवस मशीन थांबवली. मशीन थांबली का समजाचं, बोलणं गंभीर हाय. "वैदबुवा, रागावू नका. सगळे तुमच्यासाठी खाली अडकलेत. रविवारपर्यंत बघू. नाहीच जमलं तर वर जायला दुसरा वैद घ्यावा लागेल."

आता पाहा माहं. पंधरा दिवस झाले, मी त्या टोळीतून सुटाची वाट पाहून राह्यलतो. अन् ती म्हणे सोडते, त मलेच सुटावं वाटेना. कुरण मिळन, फुलं मिळतीन, पण हाक माराले कोण येइन? मी हासून म्हटलं, "ताई, मले एकट्याले त्या खोलीत करमत नाई, म्हणून फेल होऊन राह्यलो." सारे हासले. मी सोडून.

रात गेली अन् सकाळी मले अक्कल आली. माह्या अकलेचं असं हाय का ती आली का नुसकान करून जाते. म्हटलं, इरजीक करू! तेरा जण दारापाशी उभे राह्यले त दार काय करन? मी साऱ्यायले सांगतलं, रविवारी बारा वाजता माह्या दारावर इरजीक, जेवण माह्याकडं. अन् इरजीकीले जेवण खरंच लागते, म्हणून तीन दिवस मी ससे मारले अन् त्या गेमातल्या चुलीवर तेरा वाट्या रस्सा केला. एक वाटी जळाली. ती मी माह्यासाठी ठेवली.

रविवारी सारे आले. ताई लाल झग्यात, नागपूरवाला ढाल घेऊन. दारापुढं गोल करून बसले, रस्सा पेले. नागपूरवाल्यानं इचारलं, "तिखट काहून नाई बे?" मंग मी म्हटलं, "चला, सारे मिळून." सारे दाराकडं गेले. दार उघडलं, मले आत घेतलं अन् माह्या मागं बंद झालं. बारा जण बाहेर दारावर धाडधाड आपटून राह्यले.

"वैदबुवा, ते दार एकट्याचंच असतं," ताई म्हणे. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मले वाटलं जेवणावळ पाहून सोडन."

"असू दे. तुम्ही पहारेकऱ्यापासून लांब कोपऱ्यात थांबा. दगडावर काय आहे तेवढं वाचून सांगा. आम्ही बाहेरून सांगतो काय करायचं ते."

मी कोपऱ्यात. पहारेकरी हातोडा घेऊन हळूहळू येऊन राह्यला. दार बंद. खाटेवरून उठता येत नाई. बाहेर ऊन. बारा जण माह्या वाचण्याची वाट पाहून राह्यले. दुसरीतल्या त्या भिंतीले भोक तरी होतं.

"वाचताय ना?"

"चष्मा घरी राह्यला," मी म्हटलं.

"तुम्ही घरीच आहात ना?"

तितक्यात बायको बादली घेऊन आत आली. तिनं दारातून सारं ऐकलं होतं. म्हणे, "सांगून द्या ना त्यायले खरं. कायले बारा जणायले तंगवून ठेवता?"

माहं डोकं फिरलं. मी ओरडलो, "मले वाचता आलं असतं त तुह्यासारखी दहावी पास बायको कायले केली असती मी!"

माइक चालू होता.

  पहारेकऱ्यानं मले एक हातोडा मारला तरी मी हाललो नाई. मंग नागपूरवाला हळूच म्हणे, "मतलब, ते चष्म्याचं..."

"गप रे," ताई म्हणे. मशीन थांबली होती. मले वाटलं, झालं, आता दुसरा वैद. पण ती म्हणे, "वहिनी आहेत का तिथं? जरा बसता का त्यांच्याजवळ?"

बायकोनं पदराले हात पुसले. बादली खाली ठेवली. खाटेवर माह्या पलास्तराच्या बाजूनं बसली अन् फोन हातात घेतला. मी बोटानं त्या पहारेकऱ्यापासून पळत राह्यलो अन् ती दगडावरचं एक एक वाचत गेली, शाळेत उभं करून वाचाले लावतात तसं, ताठ बसून. जो शब्द अडे त्याची अक्षरं सांगे. बाहेरून ताई अर्थ लावे. तिसऱ्या ओळीवर ताई हासाले लागली.

"वैदबुवा, यात लिहिलंय, काठी खाली ठेव. बस. उठू नकोस. बस्स, एवढंच."

"बस म्हणजे?"

"बस म्हणजे बस. खुर्चीचं चित्र आहे ना खाली? ते दाबा."

महिना झाला मी बसूनच होतो. साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात माह्याइतकं कोणी बसलं नसन. अन् परीक्षा होती बसाची, अन् त्यात मी आठ दिवस फेल होऊन राह्यलतो.

काठी ठेवली. खुर्ची दाबली. माहा माणूस खाली बसला. पहारेकरी आला, माह्या डोक्यावर हातोडा धरून उभा राह्यला. माहं बोट सारखं पळाच्या बटनाकडं जाये. बायकोनं माहं बोट धरून ठेवलं.  दोन मिन्ट तसेच गेले. मंग पहारेकऱ्यानं हातोडा खाली ठेवला, बाजूले झाला, अन् मागचं दार उघडलं. फोनमधी असा कल्ला उठला का बायकोनं फोन कानापासून दूर धरला.

"वैणी जिंदाबाद!" नागपूरवाला ओरडला. माहं नाव कोणी घेतलं नाई.

वरच्या दुनियेत गेलो. तिथं बर्फ हाय. फुलं नाईत. ताईनं साऱ्यायले ताकीद देल्ली का सकाळी वैदबुवांना कोणी हाक मारायची नाही. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली माह्या कुरणात गेलो त मागून नागपूरवाला. म्हणे, "तू फूल तोड, मी हाक नाई मारत. फक्त पाट्या वाचून दाखवतो तुले." अन् तो रस्त्यातली एक एक पाटी मोठ्यानं, सावकाश, बहिऱ्याले सांगावं तशी वाचत राह्यला. "ये... नदी... है." तेवढी मले दिसत होती. आता सारेच असे बोलतात माह्यासंग. रागावताबी येत नाई.

अन् घरी? घरी बायकोनं चार दिवस काहीच म्हटलं नाई. मले तिथंच समजाले पायजे होतं. पाचव्या दिवशी बारा वाजता शेजारच्या दोघी आल्या अन् तिघीनं मिळून मले खाटेवरून खुर्चीत बसवलं अन् खुर्चीसकट उचललं.

"अवं, कुठी नेता?"

"तुमच्या इरजीकीले मी आली होती ना?" बायको म्हणे. "मंग आता माह्याकडं या."

शेजारच्या ओसरीवर नेऊन बसवलं. उन्हाळ्याचे सरगुंडे सुरू होते. भिजवेल गव्हाची बारीक वळी कराची, काडीवर गोल गोल गुंडाळाची, काडी ओढून घ्याची अन् वाळवाले टाकाची. सहा बाया, दर दिवशी एकीच्या घरचे. त्या दिवशी आमच्या घरचे होते. म्हणजे मी त्यायच्यात गेलो त उद्या दुसरीकडं, परवा तिसरीकडं, सहाबी घर झाल्याबिगर सुटका नाई.

माहे पहिले सरगुंडे अंगठ्याएवढे जाड झाले.

"भाऊजी, हे सरगुंडे हायत का दोरखंड?" एक म्हणे.

"याच्यानं बैल बांधा," दुसरी म्हणे.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. दोन्ही हात कणकेत. बायकोनं माह्या खिशातून फोन काढला, बटन दाबलं अन् माह्या मांडीवर ठेवला. 

"वैदबुवा," ताई म्हणे, "कुठं आहात? आम्ही बर्फात उभे आहोत."

लाईट गेली म्हणता आलं असतं. नेट गेलं म्हणता आलं असतं. तोंडावर आलतं बी. बायको माह्याकडं पाहून राह्यली होती.

"ताई, आज नाई येत मी. सरगुंडे करून राह्यलो. सहा दिवस जातीन."

तिकडं मशीन चालूच होती. मंग ताई म्हणे, "सहा दिवस? बरं. आम्ही थांबतो." अन् मागून नागपूरवाला, "वैद, माह्यासाठी एक डबा ठेवजो!"

बायकोनं फोन उचलून कोनाड्यात ठेवला. माह्या हाताले पोचन नाई असा. परातीत अजून अर्धी कणीक बाकी होती. समोरच्या बाईनं माह्या हातात दुसरी काडी देल्ली अन् म्हणे, "बारीक करा भाऊजी. आमच्याइथं मागं उभं राहून चालत नाई."